पोलिसांना आपली वर्गणी

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. चोराचा बंदोबस्त शनिदेव स्वतः करतात, ही गावाची श्रद्धा. पगार नाही, भत्ता नाही, बदलीसाठी मंत्रालयात खेटे नाहीत. इतकी स्वस्त पोलीस यंत्रणा अर्थमंत्र्यांना स्वप्नातही सापडायची नाही. 2011 साली युको बँकेनं इथं कुलूप नसलेली शाखा उघडली. काचेचं दार बसवलं आणि त्याला सहजासहजी दिसणार नाही असं विजेवर चालणारं कुलूपही. श्रद्धा श्रद्धेच्या जागी, तिजोरी तिजोरीच्या जागी.

मग सप्टेंबर 2015 मध्ये या गावाला स्वतःचं पोलीस ठाणं मिळालं. देवाला मदतनीस मिळाला म्हणायचं की देवाच्या कामावर निरीक्षक नेमला म्हणायचं, याचा खुलासा गृहखात्यानं केला नाही. पुढं 2025 मध्ये बनावट ॲपवरून पूजेच्या नावाखाली भक्तांना फसवल्याचं प्रकरण निघालं, ते मात्र शनिदेवांकडं नाही, पोलिसांकडंच गेलं. ॲपला मुळातच दार नसतं.

अमेरिकेत नेमका उलटा हट्ट चालला होता. मे 2020 मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि लोक रस्त्यावर आले: पोलिसांवरचा पैसा कमी करा, तो वस्त्यांना, दवाखान्यांना, मानसोपचाराला द्या. नगरसेवकांनी पोलीस खातंच मोडीत काढायची भाषा केली, वर्षअखेरीस जवळपास 80 लाख डॉलर वळवले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये खात्याच्या जागी नवा विभाग आणायचा प्रस्ताव मतदारांनीच नाकारला. पण निदान भांडायला अंदाजपत्रक तरी होतं.

ही मागणी घेऊन शिंगणापूरच्या जिल्ह्याच्या गावी, नगरला, कुणी आपल्या महापालिकेत गेला, तर आधी त्याला चहा पाजतील आणि मग समजूत काढतील. पोलीस गृहखात्याचे आणि गृहखातं मुंबईत. 2003 साली महापालिका झाली, 2024 मध्ये शहराचं अहमदनगर हे नावही बदलून अहिल्यानगर झालं, पण पालिकेच्या अंदाजपत्रकातून पोलिसांचा पैसा वळवायचा, तर आधी तो तिथं असायला हवा. पालिकेच्या वाट्याला गटार, कचरा आणि खड्डे. त्यातले खड्डे पालिका मनापासून जपते.

आपल्याकडं पैसा वळतो, पण उलट्या दिशेनं. चौकातलं बॅरिकेड जरा जवळ जाऊन पाहावं. वर ‘पोलीस’ असं बारीक, खाली कुठल्याशा सराफाचं किंवा क्लासवाल्याचं नाव ठळक, सोबत मोबाइल नंबर. अडवलेल्या दुचाकीस्वाराला क्षणभर वाटतं, दंड इथंच भरायचा. कॅमेरे हवेत? जिल्हा नियोजनचा निधी, आमदार निधी आणि शेवटी व्यापाऱ्यांची वर्गणी. गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे: टोल-फ्री नंबर फिरवायचा, की ‘चोर आले’ हा आवाज एकाच वेळी गावातल्या सगळ्या मोबाइलवर जातो. कल्पना खरोखर चांगली आहे. तिचा खर्च पुन्हा गावाच्याच माथी, आणि फोन वाजल्यावर काठी घेऊन धावायचंही गावानंच.

गृहखात्याचा पैसा गावाला मिळायचा चमत्कारही महाराष्ट्रात एकदा घडला होता. 15 ऑगस्ट 2007 रोजी गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. आबांनी आधी गाडगेबाबांच्या नावाच्या स्वच्छता अभियानातून गावाच्या हातात झाडू दिला होता, आता नोंदवही दिली. ग्रामसभेनं समिती निवडायची, दिवाणी, महसुली, फौजदारी भांडणं गावातच बसून मिटवायची, 200 गुणांची परीक्षा द्यायची आणि पास झालं की लोकसंख्येप्रमाणं एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. बांधाला बांध लागलेल्या भावकीनं पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले दावे गुणपत्रिकेसाठी मिटू लागले. पळून गेलेल्या जोडप्यांची लग्नं समित्यांनी लावली. वर्तमानपत्रांत हारतुऱ्यांसह फोटो आले. मिनियापोलिसच्या नगरसेवकांना हे कुणी कळवलंच नाही.

मात्र गाव म्हणजे कोण, हा प्रश्न नोंदवहीत नव्हता. शिंगणापूरला लागूनच सोनई आहे. तिथं जानेवारी 2013 मध्ये तीन दलित तरुणांचा खून झाला. नाशिकच्या न्यायालयानं 2018 मध्ये सहाजणांना फाशी सुनावली. याच जिल्ह्यातल्या खर्ड्याला 2014 मध्ये एका दलित शाळकरी मुलाला मारलं गेलं, साक्षीदार उलटले आणि 2017 मध्ये आरोपी सुटले. एकमेकांना धरून राहणारं गाव हेही असतं. असे गुन्हे समितीच्या कक्षेत येत नाहीत, हे खरंच. पण पारावर खुर्च्या कुणाच्या आणि खाली कोण बसतो, हे ज्याला ठाऊक आहे, तो ‘गावातच मिटवू’ ऐकलं की आधी ठाण्याचा रस्ता धरतो. तिथं त्याची फिर्याद लगेच लिहून घेतात, असंही नाही.

मोहीम थंडावली, तरी कामं गावाकडं सोपवायची हौस सरकारला कायम राहिली. अण्णा हजारे यांच्या आग्रहावरून 2016 मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलं आली. अवैध दारूची खबर दलानं द्यायची, कारवाई खात्यानं करायची. काही महिन्यांतच, फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत नगर तालुक्यातल्या पांगरमलला जेवणावळीतली दारू पिऊन माणसं मेली. तपासाचा धागा कुठं गेला? थेट नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनपर्यंत. वेशीवर राखण करणाऱ्या दलाला सरकारी दवाखान्याचं कँटीन हद्दीत येतं की नाही, हे विचारायला नवा शासन निर्णय लागला असता.

तंटामुक्ती समित्या कागदावर अजून आहेत, काही गावांत कामही करतात. अध्यक्षपदाला मानधन नाही, तरी ते प्रत्येकाला हवं असतं. ग्रामसभेत दोन्ही पॅनल आपापली माणसं घेऊन येतात, हात वर करून मोजायचं की चिठ्ठ्या टाकायच्या यावर आवाज चढतो, कुणीतरी माइक हिसकावतो आणि सभा तहकूब होते. ‘तंटामुक्ती अध्यक्षाच्या निवडीवरून तंटा’ ही बातमी तालुका प्रतिनिधींनी इतक्यांदा पाठवली आहे, की त्यांना फक्त गावाचं नाव बदलावं लागतं. पुढच्या सभेला मग ठाण्यातून बंदोबस्त मागवतात. साहेबांच्या आणि शिपायांच्या चहा-नाश्त्याचं बिल ग्रामपंचायत भरते.