हापूस हवा, रायवळ नको
आंब्याच्या हंगामात रत्नागिरीत पेटी भरताना फळ हातात फिरवून पारखतात. आकार, वजन, डाग. डेटिंग अ‍ॅपवर समलिंगी पुरुषांचीही तशीच पारख चालते, फक्त इथल्या फळाला डोकं नसतं. मांडवीच्या जेट्टीवर काढलेला फोटो, गळ्यापासून बेंबीपर्यंत. चेहरा नाही, कारण मामा याच गावात राहतो (हे आपल्याला मान्य). खाली अट, ‘मर्दानीच हवा. बायकी नको, जाडे तर नकोच.’

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने 377 कलमाचा फास सोडवला. शाळेत चालण्याबोलण्यावरून खाल्लेले टोमणे मात्र आम्ही जपून ठेवले होते. आता ते एकमेकांना वाटतोय.

आणि शिमग्यात? याच जिल्ह्यातला बाप्या मिशी काढून, लुगडं नेसून नमनात गौळण होतो, असा मुरका मारतो की अख्खी वाडी बक्षिसं लावते. आमचा मर्दानी अटवाला पहिल्या रांगेत शिट्ट्या मारत असतो. मग घरी जातो, प्रोटीन पावडर ढवळतो, अ‍ॅप उघडतो आणि त्याच गौळणीला ब्लॉक करतो.