पिशाच्चांचे दफ्तर

परीक्षणार्थ आलेल्या पुस्तकांपैकी काव्यसंग्रह कवींकडे, चरित्रे प्राध्यापकांकडे आणि पाकशास्त्र संपादकांच्या सौभाग्यवतींकडे रवाना झाल्यावर, भुताखेतांच्या, मांत्रिकांच्या आणि मंतरलेल्या तलवारींच्या कादंबऱ्यांचे जे गाठोडे कोणीच पत्करीत नाही, ते शिरस्त्याप्रमाणे माझ्या पत्त्यावर येते. मी मुळात भित्रा आहे अशी आमच्या घरातील समजूत असून तिच्याविरुद्ध सादर करण्याजोगा पुरावा मजपाशी नाही. तथापि ज्या पिशाच्चाचे स्वरूप लेखक 'अवर्णनीय' या एका विशेषणात उरकतो, त्याला मी यत्किंचितही भीत नाही. मी भितो ते कायदेकानू पाळणाऱ्या पिशाच्चाला.

ब्रॅम स्टोकरचा 1897 सालचा ड्रॅक्युलाच घ्या. लंडनकरांचे रक्त प्राशन करण्याची दुर्वासना मनात धरणारा हा काउंट प्रथम काय करतो, तर वकिलामार्फत कारफॅक्स नामक वास्तू रीतसर खरेदी करतो, दस्तऐवजांवर सह्या करतो आणि फुरसतीच्या वेळी कोचावर पहुडून चक्क ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक वाचतो! पुढे मायभूमीच्या मातीने भरलेली त्याची पन्नास खोकी जहाजाने व्हिटबी बंदरात उतरतात, तेव्हा ती रेल्वेने पाठविल्याची बिजके, मालवाहू पेढीशी झालेला पत्रव्यवहार, एवढेच नव्हे तर आगाऊ धाडलेल्या 10 पौंडांतून उरलेले 1 पौंड 17 शिलिंग 9 पेन्स परत केल्याची नोंदसुद्धा कादंबरीत दाखल आहे. स्टोकर हा लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता, ट्रान्सिल्व्हेनियात तो कधी गेलाच नव्हता. परंतु जमाखर्च त्याला पाठ होता, आणि जे भूत हमालीचा हिशेब चुकता करते ते आपल्याही दाराशी येऊ शकेल, ही गोष्ट जमाखर्च ठेवणारालाच सुचावी.

आमच्याकडील भूतयोनीही या बाबतीत मागे नाही. मुंजाने पिंपळावर राहावे, समंधाने पुरलेल्या धनाची राखण करावी, चकव्याने वाटसरूला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवावे आणि या सर्वांवर वेताळाने अंमल चालवावा, अशी कामांची व हद्दींची जी वाटणी आमच्या पूर्वजांनी करून ठेविली आहे, ती पाहून एखाद्या मामलेदारालाही हेवा वाटावा. असे असता हल्लीचा कादंबरीकार मुंजाला पिंपळावरून उतरवून विनापरवाना शहरातील तिसऱ्या मजल्यावर नेतो, आणि दहा प्रकरणे वाटेल तसे थैमान घालणारा हा मुंजा अकराव्यात चिमूटभर अंगाऱ्याने गतप्राण होतो. मग ती चिमूट पहिल्याच प्रकरणात का टाकली नाही, असा प्रश्न मी परीक्षणात विचारला की लेखक संपादकांना पत्र लिहून मला अरसिक ठरवितात. (टपालखर्च मात्र बिचारे स्वतः सोसतात.)

अर्थात स्टोकरलाही मी सोडणार नाही. व्हॅन हेल्सिंगसारखा प्रकांड पंडित छातीत खुंटी ठोकून शिरच्छेद करण्याचा विधी सविस्तर सांगतो, एका प्रसंगी तो यथासांग पार पाडवितोही. आणि खुद्द काउंटचा निकाल मात्र एक कुकरी व एक सुरा यांवर घाईघाईने लावला जातो, हा माझ्या मते कामकाजातील उघड दोष आहे. त्याहून गंभीर बाब अशी, की काउंटने या साऱ्या हकिकतीचे मूळ कागद आगीत टाकलेले असल्यामुळे (दफ्तरखान्याला आग लावण्याची युक्ती त्याला कोणी शिकविली, हे विचारण्याची सोय नाही) अस्सल म्हणता येईल असा कागद जवळजवळ उरलेला नाही, सारा टंकलिखित मजकूर आहे, अशी कबुली कादंबरीतील वकील हार्करने अखेरच्या टिपणात दिली आहे. हेच प्रकरण आमच्या तालुका कचेरीत येते, तर अव्वल कारकुनाने 'मूळ दस्तऐवज जोडावेत' असा शेरा मारून ते परत पाठविले असते, काउंटसाहेब मयत झाल्याची नोंद कधीच झाली नसती, आणि कारफॅक्सची मिळकत आजतागायत त्यांच्याच नावावर राहून दरसालच्या पट्टीची मागणीही त्यांच्याच नावे निघत राहिली असती.