नाकाखालचं गुलदस्त्यात

२०२० साली शहरांतल्या सोसायट्यांमध्ये माणसांची एक नवी जमात उदयाला आली. लिफ्टमध्ये एक जण मास्कआडून तोंडभर हसून «काय, कसं काय?» विचारी, दुसरा तितक्याच प्रेमानं «मजेत!» म्हणे आणि घरी पोचल्यावर दोघंही आपापल्या बायकोला विचारत, «ते गृहस्थ कोण गं?»

चष्म्याचा यात काही दोष नव्हता. टोरांटोचं यॉर्क विद्यापीठ आणि इस्रायलचं बेन-गुरियन विद्यापीठ इथल्या संशोधकांनी त्याच वर्षी सुमारे ५०० जणांची परीक्षा घेतली. मास्क लावलेले चेहरे ओळखताना कामगिरी साधारण १५ टक्क्यांनी घसरली. मेंदू चेहरा सुटासुटा वाचत नाही; डोळे, नाक, ओठ आणि त्यांच्यामधली अंतरं असा एकगठ्ठा माल उचलतो. निम्मा माल मास्कमागे अडकला की त्याचं गणित चुकतं.

भावनांचीही तीच गत. जर्मनीतल्या बाम्बर्ग विद्यापीठाच्या प्रयोगात मास्कमागची किळस अनेकांना राग वाटली आणि खरोखरचा राग बऱ्याचदा कोरा चेहरा म्हणून खपून गेला. मुंबईत मास्क नसला की २०० रुपये दंड होई. दंड भरणाऱ्याचा राग मात्र स्वच्छ वाचता येई, कारण त्याच्या तोंडावर मास्कच नसे.

झाकल्या मुठीचा फायदाही झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठानं ४३ स्त्रियांना पुरुषांचे फोटो दाखवले: उघडे चेहरे, कापडी मास्क, निळा सर्जिकल मास्क आणि पुस्तकानं झाकलेलं तोंड. सर्वांत देखणे ठरले निळ्या मास्कवाले. पुस्तकवाल्यांची डाळ त्यांच्यापुढे शिजली नाही. वाचनसंस्कृतीला हा आणखी एक धक्का.

ओळख पुसू नये म्हणून केरळमध्ये कोट्टयमच्या एका छायाचित्रकारानं ६० रुपयांत गिऱ्हाइकाचाच चेहरा छापलेले मास्क विकले. पिंपरी-चिंचवडच्या एका गृहस्थांनी सुमारे २ लाख ८९ हजारांचा सोन्याचा मास्क करवून घेतला. त्यांना ओळखण्यासाठी चेहऱ्याची गरजच उरली नाही.

पुणेकरांना या सगळ्याचं काय कौतुक! दुचाकीवर स्कार्फ गुंडाळून डोळ्यांपुरत्या उरलेल्या मुली तिथं कोविडच्या कितीतरी आधीपासून फिरत होत्या. मैत्रिणी त्यांना ओळखत त्या गाडीच्या नंबरावरून.

सरावानं माणसं सुधारली असतील, म्हणून यॉर्कच्या संशोधकांनी पुन्हा तपासलं. महामारीत इतके मास्क बघूनही ओळखण्यात काडीची प्रगती नव्हती. आयफोन तेवढा हुशार निघाला. मार्च २०२२ च्या अपडेटनंतर त्याची नवी मॉडेल्स मास्कसकट मालकाला ओळखू लागली. २ एप्रिलला गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर महाराष्ट्रानं मास्कसक्तीच उठवली.