वेलांटी पळवणाऱ्यास खुले पत्र

श्री. बेसिक लेआउट यांस,
मुक्काम पिलो लायब्ररी, पोस्ट पायथॉन

सा. न. वि. वि.

आपण आम्हाला ओळखत नाही आणि ओळख करून घेण्याची आपल्याला हौसही नाही, हे आपल्या कामावरून दिसतेच. तरीही आपल्या हातून निघालेली प्रमाणपत्रे आमच्या गावात घरोघरी फ्रेम करून लावली आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच. त्यांवर किरणचा ‘करिण’ झाला आहे आणि मिलिंदचा ‘मलिदिं’. ‘प्रमाणपत्र’ हा शब्द तर पाय मोडून ‘प्‌रमाणपत्‌र’ असा उभा आहे. खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. म्हणजे चूक आता अधिकृत झाली.

चित्रावर मजकूर मांडण्याची आपली कार्यपद्धती मोठी सुटसुटीत. अक्षरांची रांग आली की पहिले फ्रीटाइपकडे धाडायचे, चित्र काढून घ्यायचे, थोडे उजवीकडे सरकायचे आणि म्हणायचे, पुढचा! फ्रीटाइपला आम्ही बोल लावत नाही. एकेका अक्षराचा आकार काढणे एवढेच तिचे काम. ओळीची मांडणी आपल्याकडे नाही, हे ती आपल्या कागदपत्रांतच सांगते. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क येतो आणि मग पहिली वेलांटी. कागदावर मात्र ती क च्या अलीकडे काढायची असते. ही अदलाबदल करणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, त आणि र यांचा त्र करणे, ही सगळी उस्तवार हार्फबझ नावाची लायब्ररी करते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस, सगळीकडे तीच राबते. त्यामुळे मुलांच्या नावांची यादी फोनवर ठीक दिसते, कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठीक दिसते, आणि आपल्या हाताखालून गेली की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. बोलणी कोण खाते? यादी टाइप करणाऱ्या बाई.

यावर आपण म्हणाल, तिथे माझ्याऐवजी रक्म असायला हवी होती. अगदी मान्य. हार्फबझ, फ्रिबिडी आणि फ्रीटाइप यांना एकत्र कामाला लावणारी ही छोटी लायब्ररी २०१७ साली पिलोच्या ४.२ आवृत्तीत दाखल झाली आणि २०२१ च्या ८.२ पासून ती पिलोच्या तयार पॅकेजमध्येच येते. मग घोडे कुठे अडते? फ्रिबिडीपाशी. ती मात्र मशीनवर वेगळी असावी लागते. हिचे काम अरबी, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या मजकुराची दिशा सांभाळणे. आमच्या करिणला तिचा काडीचा उपयोग नाही. पण ती नसली की रक्म कामावर येत नाही, तिच्यामागोमाग हार्फबझही घरी बसते आणि खुर्चीत आपण. शाकाहारी पंगत उठवायची, कारण काय, तर मटण करणारा आचारी आला नाही! विंडोजवर तर या आचाऱ्याची डीएलएल फाइल स्वतः मिळवून योग्य फोल्डरात नेऊन ठेवावी लागते.

आपले खरे कसब तर पुढेच आहे. एखाद्या शहाण्याने हा मजकूर मराठी आहे, असे भाषेच्या रकान्यात ‘एमआर’ लिहून कळवले, तर आपल्या घरातून ताडकन की-एरर येते: रक्मशिवाय भाषा सांगता येणार नाही. म्हणजे उणीव ठाऊक असते तर! तोच मजकूर भाषा न सांगता पुढे केला की मात्र चकार शब्द नाही. शहाणा मग काय करतो? ‘एमआर’ खोडतो. एरर जाते, चित्र तयार होते, सगळे खूश. मराठीचे नाव काढले नाही तरच मराठी छापून मिळते, ही सोय आम्ही दुसरीकडे पाहिली नव्हती.

त्यानंतर निघते फॉन्टयात्रा. मुक्ता लावून बघा, नोटो लावून बघा, लोहित, बालू. फॉन्ट बिचारे जोडाक्षरांचे नियम पोटात घेऊन येतात, आपण ते वाचतच नाही. शेवटी कुणीतरी जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचा फॉन्ट काढतो, त्यात यादी पुन्हा टाइप करतो आणि काय आश्चर्य, सगळे बरोबर! होणारच. त्या फॉन्टांत वेलांटीचा तुकडा अक्षराच्या आधीच टाइप केलेला असतो; आपल्याला नुसती रांग हाकायची. देवनागरी युनिकोडमध्ये आली १९९१ साली, पहिल्याच आवृत्तीत. आपल्या कृपेने गावची यादी परत त्या सालाच्या मागे जाते, आणि मग तो फॉन्ट काढला की किरणच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला उरतो.

निदान चौकोन तरी काढत जा. फॉन्टमध्ये अक्षरच नसले की रिकामे चौकोन उमटतात. दिसायला ओंगळ, पण सरळमार्गी. चौकोनांचे प्रमाणपत्र कोणी छपाईला देत नाही. आपले ‘करिण’ दुरून अस्सल मराठी दिसते, म्हणून ते शिक्क्यापर्यंत पोहोचते. पिलोच्या कागदपत्रांत आपली तारीफ आहे की रक्मची गरज नसेल तिथे आपण अधिक चपळ आहात. असालच. चुकीचे नाव लवकर छापून मिळते.

तेव्हा पुढील व्यवस्था कळवतो. आमच्या उबुंटूवर आता फ्रिबिडीचे पॅकेज घातले आहे. उद्या सर्व्हर बदलला, कुणी सडपातळ डॉकर इमेज आणली आणि ते गळाले, तर आपण गुपचूप परत याल, हेही आम्ही ओळखून आहोत. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच पिलोला विचारायचे: रक्म आहे का? उत्तर ‘फॉल्स’ आले की काम तिथेच बंद. बाईंना तसे सांगितले आहे. जुनी प्रमाणपत्रे परत मागवली आहेत. नव्या कागदाचा आणि फ्रेमांचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा, ते मात्र आपण कळवावे.

कळावे.

आपला,
एक मराठी मजकूर