दोन मिनिटांत काढतो

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला एक गुर्मी असते. आमच्या गाडीची किल्ली माझ्याशिवाय कुणाच्याच हातानं फिरत नसे, आणि याची मला लाज वाटायला हवी होती तिथे अभिमान वाटत असे. खाली पार्किंगमध्ये मुलगा झटापट करत असला की मी गॅलरीतून सूचना द्यायचो. "थोडी बाहेर ओढ. केसभर. एवढी नाही! आता वर दाबून फिरव." शेवटी खाली उतरायचो, किल्ली फिरवून द्यायचो आणि काही न बोलता जिना चढायचो. न बोलण्यातच खरा रुबाब. ही किल्ली चोराच्या हातात दिली तरी त्याला गाडी नेता येणार नाही, असं मी लोकांना सांगत असे. एक दिवस त्या चोराच्या जागी मी असेन, हे मात्र सुचलं नव्हतं.

डिसेंबर लागला आणि किल्ली माझ्याशीही फटकून वागू लागली. आमच्या घरात जे जे कुरकुरतं त्याला खोबरेल लावायची पद्धत आहे. बिजागऱ्या झाल्या, शिवणाचं मशीन झालं, माझे गुडघेही झाले. बाटलीतलं तेल थंडीनं गोठलेलं होतं. मग ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी केली, तेल पातळ केलं आणि ड्रॉपरनं लॉकमध्ये सोडलं. किल्ली लोण्यासारखी फिरली. त्या दिवशी मी दोघातिघांना फोन करून हा उपाय सांगितला. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच तर गरम पाणी घेतलं होतं. बाटलीत गोठणारं तेल लॉकमध्ये गेल्यावरही तेच करेल आणि पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायची बुद्धी तेवढी झाली नाही.

त्याच आठवड्यात बायकोच्या भाचीचं लग्न होतं. रुखवत कार्यालयात पोचवायची कामगिरी माझ्याकडे आली. सकाळी लवकर पोचलो, गाडी थेट फाटकात घातली, पुढचं डावं चाक फरसबंदीच्या काठाला टेकवून वळवून ठेवलं आणि वॉचमनला म्हणालो, "दोन मिनिटांत काढतो." सवयीनं किल्ली काढली, स्टेअरिंग कट्‌ करून लॉक झालं. मग साखरेचं तुळशीवृंदावन उतरवलं, चिरोट्यांचे डबे उतरवले, लोकरीचं बाळ आणि त्याचा पाळणा उतरवला. कुणीतरी चहा दिला. चहाबरोबर उपमा आला.

परत आलो तोवर लांबून बँड ऐकू येत होता. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन निघाला होता.

किल्ली घातली. फिरेना. केसभर बाहेर ओढली, वर दाबली, खाली दाबली, श्वास रोखला, सोडला. काही नाही. झेंडूनं मढवलेली गाडी माझ्या मागे येऊन उभी राहिली. बँडनं आधी उत्साहात वाजवलं, मग तेच गाणं परत वाजवलं. बायको आली. "अहो, नवरदेव बाहेर आहे."

"दिसतोय मला."

"मग काढा ना गाडी!"

नवरदेव उतरून चार पावलं चालत आला असता तर प्रश्न मिटला असता, आणि तो बिचारा तयारही होता. पण वरमाईंनी त्याला दार उघडू दिलं नाही. नवरदेव फाटकाबाहेर उतरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. गुरुजी येऊन मुहूर्त 10 वाजून 12 मिनिटांचा असल्याची आठवण देऊन गेले. देताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

मग सल्लागार मंडळ भरलं. एकानं पक्कड आणायला सांगितली. (पक्कड लावू नये. किल्ली आत तुटते आणि मग दोन आजार होतात.) मुलीचे मोठे काका काचेत डोकं घालून म्हणाले, "आमच्या ॲम्बॅसिडरला हँडल होतं. समोरून घातलं, फिरवलं, गाडी चालू. किल्लीचे नखरे नाहीत!" त्या हँडलनं उलटा झटका दिला की मनगटं मोडत. म्हणून तर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरनं विजेवरचा स्टार्टर काढला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. खरं म्हणजे त्या क्षणी मनगट मोडून घ्यायची माझी तयारी होती; निदान सहानुभूती तरी मिळाली असती.

गाडी नुसती ढकलायचं ठरलं, तर स्टेअरिंग लॉक. पुढे ढकलावी तर ती फरसबंदीवर चढणार, मागे ढकलावी तर नवरदेवावर. शेवटी नवरदेवाची गाडी मागे घेतली, त्यासाठी वऱ्हाड मागे घेतलं, त्यासाठी रस्त्यावरची वाहतूक थांबवली. बँडवाले पुढे आले. त्यांचा मुकादम म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त आत बसा." वाद्यं माझ्या टपावर ठेवून पोरांनी बॉनेटला हात लावले. मी हँडब्रेक सोडला, गाडी वीतभर मागे सरकली, चाक काठापासून सुटलं आणि नुसत्या हाताच्या वजनानं किल्ली फिरली. इंजिन लागलं. वरमाईंसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी इतका भारावलो की भर्रकन गाडी काढून थेट पुढच्या चौकात गेलो. आरशात एक माणूस जीव तोडून मागे धावताना दिसला. त्याचा क्लॅरिनेट माझ्या टपावर होता. नवरदेवाचा प्रवेश ढोल आणि खुळखुळ्यावर झाला.

पुढे चावीवाल्यानं सगळं उलगडून सांगितलं. किल्ली काढली की एक पोलादी खिटी स्टेअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत शिरते. चाक कशाला रेटून उभं असलं की खिटीवर ताण येतो आणि लॉक फिरत नाही. उपाय साधा: दाब कमी होईल त्या बाजूला स्टेअरिंग ओढून धरायचं आणि दुसऱ्या हातानं किल्ली हलकेच फिरवायची. मुलीच्या मामेभावाला हे माहीत होतं म्हणे. पण एवढी मोठी माणसं बोलत असताना मध्ये कसं बोलायचं, म्हणून तो गप्प राहिला.

मग चावीवाल्यानं किल्ली उजेडात धरली. "साहेब, ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे." लॉकच्या आत स्प्रिंगवर बसलेल्या पितळी पत्त्या असतात. किल्लीच्या खाचांनी त्या सगळ्या एका पातळीत आल्या तरच आतला दांडा फिरतो. झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढली की त्यात झीजही उतरते. मी वर्षानुवर्षं जे कौशल्य म्हणून मिरवत होतो, ते म्हणजे चुकीच्या उंचीवर थांबणाऱ्या पत्त्या हातानं हलवून जागेवर आणणं. लॉक खोलल्यावर आतून पांढरट, धुळीनं माखलेला लगदा निघाला. त्यानं बोट लावून वास घेतला आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं.

मूळ किल्लीबरोबर नंबर कोरलेला पत्र्याचा एक छोटा बिल्ला मिळतो. आमचा बायकोनं देवघराच्या खणात जपून ठेवला होता. त्या नंबरावरून नवी किल्ली कापून घेतली, लॉक धुतलं, आत ग्रॅफाइटची चिमूटभर पूड घातली. आता किल्ली मुलाच्या हातानं फिरते, बायकोच्या हातानं फिरते, शेजाऱ्यांच्याही फिरेल. त्यामुळे गाडी सहसा घरी नसते आणि मी बसनं हिंडतो.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर तो बिल्ला आजच शोधून ठेवा आणि लॉकमध्ये तेल घालू नका. ज्या दोघातिघांना मी फोनवर खोबरेल सांगितलं होतं, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं; ते माझे फोन उचलत नाहीत.