जुनी कॅसेट बसते का?

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा बाजारात प्लेस्टेशन ३ होतं. २०१३ साली चौथं आलं, २०२० साली पाचवं आलं, आणि आमचा भाचा गणपतीला डोंबिवलीहून निघतो तो अजूनही माणगावच्या बाजारपेठेत अडकून, घामाघूम होऊनच घरी पोचतो.

यंदा त्याने पाचवं सोबत आणलं. मी लगेच माळ्यावर चढलो आणि प्लेस्टेशन २ च्या जपून ठेवलेल्या सीड्या घेऊन खाली आलो.

"मामा, ह्याला सीडीचं तोंडच नाही."

"तोंडवालं का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तरी ह्या चालल्या नसत्या. त्यात फक्त चौथ्याचे गेम चालतात."

म्हणजे बापाशी बोलणं चालू, आजोबांशी अबोला. हे घराणं पहिल्यापासून असं नव्हतं. २००० साली प्लेस्टेशन २ आलं तेव्हा त्यावर पहिल्याच्या सीड्या बिनतक्रार चालायच्या, कारण पहिल्याचा मुख्य प्रोसेसरच त्याच्या पोटात बसवला होता. एरवी त्याला रिमोट वगैरे सांभाळायची हलकी कामं. जुनी सीडी घातली की म्हातारा उठून पुन्हा कारभार हाती घ्यायचा. तिसऱ्याच्या सुरुवातीच्या यंत्रांतही दुसऱ्याच्या चिपा होत्या. मग किंमत उतरवायची वेळ आली आणि सगळ्यात आधी म्हाताऱ्यांनाच बाहेर काढलं. चौथ्याने तर तिसऱ्याच्या सीडीला ओळखच दाखवली नाही. तिसऱ्याचा प्रोसेसर इतका तऱ्हेवाईक होता की त्याची नक्कल करणं चौथ्याला झेपणारं नव्हतं. एकूण काय, जुन्या गेमांचं प्रेम कंपन्यांना नवं यंत्र खपवण्यापुरतं येतं.

खरी इमानदारी पाहिली ती टीव्ही गेममध्ये. तोच तो, नव्वदच्या दशकात मे महिन्यात घरोघरी चालणारा, पिवळ्या कॅसेटवाला. मूळ यंत्र निन्टेन्डोचं, जपानमध्ये १९८३ साली निघालेलं, साठ पिनांच्या कॅसेटचं. अमेरिकेत पाठवताना खुद्द निन्टेन्डोनेच त्याच्या बहात्तर पिना केल्या, म्हणजे सख्ख्या भावंडांच्या कॅसेटी एकमेकांना बसेनात. आमच्याकडे आलेला नकली माल मात्र साठावर ठाम राहिला. यंत्र कुठल्याही नावाचं घ्या, कॅसेट शेजारच्यांची मागून आणा, फुंकर मारा, बसवा. पुढे जत्रेत पॉलिस्टेशन नावाचा डबा दिसू लागला. बाहेरून हुबेहूब प्लेस्टेशन. सीडीचं झाकण उघडलं की खाली तीच साठ पिनांची खाच! जुन्या कॅसेटी नव्या डब्यात चालत, नव्या कॅसेटी जुन्या डब्यात चालत. हा दुसरा प्रकार तर फारच दुर्मीळ. निन्टेन्डोने १९९८ साली रंगीत गेमबॉयच्या काही काळ्या कॅसेटी १९८९ च्या बिनरंगी यंत्रावरही चालतील अशा काढल्या, त्याचं जगभर कौतुक झालं. जत्रेतल्या दुकानदाराचं कोण करणार?

आता '९९९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये गेम मूठभरच असत आणि तेच मारिओ-कॉन्ट्रा नाव बदलून पुन्हा पुन्हा येत, हे मान्य. पण निदान येत तरी!

शेवटी भाच्याच्या यंत्राची तार काढून मी आमचा टीव्ही गेम जोडला. मारिओ धावला. भाचा वाकून बघू लागला, आजी स्वयंपाकघरातून आली. मग बदकं मारायची बंदूक काढली, आणि एकही बदक पडेना. यंत्र निर्दोष होतं, बंदूकही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हा सगळा हिशेब पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेला. सपाट टीव्ही चित्र जरा उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीने नेम चुकला असं ठरवलेलं असतं. भाचा म्हणाला, "मामा, तुमचा नेमच गेला." आजीही त्याच्याच बाजूने.

म्हणून विनंती. माणगाव, इंदापूर, गोरेगाव, अगदी महाडपर्यंत, कुणी पाठीवर मोठं कुबड असलेला जुना टीव्ही भंगारात काढत असेल, तर भंगारवाल्याला आठ दिवस थांबवा आणि मला निरोप द्या. टेम्पो मी आणतो.