सेवानिवृत्त एसएमबी-१ यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. एसएमबी आवृत्ती १,
सेवानिवृत्त फाइल-वाटप प्रोटोकॉल

विषय : घरातल्या लिनक्स आणि विंडोज संगणकांची बोलचाल बंद असल्याबाबत

महोदय,

एका राउटरवर विंडोजचा लॅपटॉप आणि लिनक्सचा पीसी नांदू लागले, की विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत लिनक्सचे नाव दिसत नाही, ही तक्रार ठरलेली असते. त्यावरचा सल्लाही ठरलेला : एसएमबी-१ पुन्हा सुरू करा. निवृत्तीनंतरही प्रत्येक अडलेल्या फायलीसाठी आठवण निघावी, असे भाग्य फार थोड्या अधिकाऱ्यांना लाभते.

महोदयांचे सेवापुस्तक मोठे आहे. जन्म १९८० च्या दशकात, आयबीएममध्ये. युनिक्सच्या बाजूने हीच बोली बोलणारा साम्बा अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहिला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो महोदयांच्याच खिंडारातून. डागडुजी मार्चमध्येच उपलब्ध होती, अनेकांनी ती केली नव्हती इतकेच. त्याच ऑक्टोबरपासून विंडोज १० ने महोदयांना हळूहळू घरी बसवले आणि २०१९ मध्ये साम्बाच्या ४.११ आवृत्तीनेही तेच केले. या दोन घराण्यांचे इतके एकमत क्वचितच होते.

फायली पोचवण्याचे काम तेव्हापासून एसएमबी-२ आणि ३ बिनबोभाट करतात. महोदयांबरोबर गेली ती शेजाऱ्यांची यादी. विंडोज आता ती डब्ल्यूएस-डिस्कव्हरीकडून मागवते आणि साम्बाला ती बोली येत नाही. खिडकी रिकामी म्हणजे वाटप बंद, हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे लिनक्सचा आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०, टाकावा. फोल्डर उघडले, तर बिघाड फक्त यादीत आहे. लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम बसवून फायरवॉलमध्ये यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ मोकळे केले की नावही दिसू लागते.

उघडले नाही, तर पिंगच्या साक्षीवर विसंबू नये. विंडोजचा संगणक जिवंत असतानाही त्याची फायरवॉल पिंगला अनेकदा उत्तर देऊ देत नाही. पाहुण्यांच्या वायफायवरची उपकरणे राउटरच एकमेकांपासून तोडतो, तेव्हा दोन्ही संगणक एकाच जाळ्यात आहेत ना, हे आधी पाहावे. मग लिनक्सच्या फायरवॉलमधले ४४५ क्रमांकाचे पोर्ट तपासावे. उलट दिशेने, म्हणजे लिनक्सवरून विंडोजकडे जाताना, घरचे नेटवर्क विंडोजमध्ये ‘पब्लिक’ नोंदले गेले असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करावे लागते.

खरी कसोटी पासवर्डपाशी लागते. साम्बाची वापरकर्त्यांची वही वेगळी असते. लिनक्सचा पासवर्ड अचूक टाकूनही उपयोग नाही, एसएमबीपासडब्ल्यूडी या आज्ञेने तिथे नवी नोंद करावी लागते. विंडोजचा चार आकडी पिन तर नेटवर्कवर चालतच नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. एकाच सर्व्हरवर दोन नावांनी जाऊ पाहिले की विंडोज १२१९ क्रमांकाची त्रुटी दाखवते, आणि त्या सर्व्हरशी असलेली आधीची जोडणी तोडेपर्यंत हटत नाही. कंटाळून सगळे पाहुण्यांना खुले करणाऱ्यांची सोय विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीने मोडली आहे : बिनपासवर्डाच्या पाहुण्याला ती मुळातच नाकारते. तसे केले ते बरेच झाले.

फोल्डर उघडते पण लिहिता येत नाही, तेव्हा दोष साम्बाचा नसून बहुधा लिनक्सच्या मालकीहक्कांचा असतो. साम्बाने लिहिण्याची मुभा दिली तरी फोल्डरची परवानगी अखेरचा शब्द राखून असते. फेडोरावर एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचे लेबलही बघावे लागते. साम्बाच्या सेटिंग फाइलमधली चूक टेस्टपार्म ही आज्ञा दाखवते.

सबब, एसएमबी-३ दोन्हीकडे कामावर हजर असताना महोदयांनी कोणाच्याही आग्रहाला बळी पडून पुन्हा रुजू होऊ नये, ही नम्र विनंती.